कुलबायरा एजेचं नाक

आमच्या ट्रॉलीबस डेपोत सकाळी सकाळी सलामाच्या पाठोपाठ जो शब्द कानावर पडायचा, तो म्हणजे ‘फुंक’. फाटकाला लागून एक चिमुकली खोली आहे. तिथे कुलबायरा एजे बसायची. ती डेपोची नर्स; एजे म्हणजे ताई, आमच्याकडे थोरल्या बाईला तसंच हाक मारतात. गाडी बाहेर काढण्याआधी प्रत्येक ड्रायव्हरने तिच्या समोरच्या स्टुलावर बसायचं, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब दाखवायचा आणि मग तिच्या तोंडावर फुंकायचं. ती नाक पुढे करून वास घ्यायची. दारूचा वास आला की घरचा रस्ता, नाही आला की कागदावर शिक्का आणि गाडी तुझी.

ते नाक म्हणजे डेपोची इभ्रत होती. काल लग्नात बियर घेतली की व्होडका, ती लपवायला कांदा खाल्ला की लसूण, सगळं ती बसल्या जागी सांगायची. ओमुरझाक ड्रायव्हरने एकदा वास दाबायला कोथिंबिरीची अख्खी जुडी चावली होती. एजे त्याला म्हणाली, “बाळा, मेंढीसुद्धा शुद्धीत असली तर एवढा पाला खात नाही. जा, झोप काढ.” ओमुरझाक तेव्हा चाळिशी ओलांडलेला, दोन जावयांचा सासरा. आठवडाभर सगळे त्याला बघून मेंढीसारखे ओरडत होते.

माझं नाव जिपार, म्हणजे सुगंध. एजेला थट्टेला तेवढं पुरायचं. “ये गं सुगंधे, बघू आज काय दरवळतंय,” असं म्हणून ती मला बसवायची. एका सकाळी मात्र मी फुंकल्यावर थट्टा सोडून ती म्हणाली, “सडक्या सफरचंदाचा वास येतोय तुझ्या श्वासाला. गाडी राहू दे. दवाखान्यात जा.” मी तिच्याशी कचाकचा भांडले. माझा स्वभावच तसा आहे, बिश्केकच्या निम्म्या प्रवाशांना तो माहीत आहे. दवाखान्यात कळलं की साखर एवढी चढली होती की संध्याकाळपर्यंत मी चालत्या गाडीत बेशुद्ध पडले असते, भरल्या गाडीसकट. तेव्हापासून एजे माझ्याकडून रोज दोनदा फुंकून घ्यायची. “एक डेपोची, एक माझी,” म्हणायची. दुसऱ्या वेळी ती डोळे मिटून वास घ्यायची.

साथ आली, शहर बंद झालं, आणि मग वसंत सरता सरता गाड्या पुन्हा सुरू झाल्या. आमचे साहेब स्तालबेक बाइके, म्हणजे स्तालबेकदादा, यांनी डेपो चकाचक करून टाकला. ड्रायव्हरच्या सीटमागे प्लास्टिकचा पडदा, दारात क्लोरीनची बादली, फाटकावर कपाळाला बंदूक लावून ताप बघणारा रखवालदार. टीव्हीवाले येऊन चित्रीकरण करून गेले. बाइके क्लोरीनच्या वासाने डोळे चोळत कॅमेऱ्यासमोर बोलले, “प्रवासी आणि कामगार, दोघांची काळजी आमच्याकडे सारखीच.”

डेपोत दारू तपासायचं यंत्रही होतं. साथीआधी कधी यंत्र, कधी एजे, असं चालायचं. बाइकेंनी ते यंत्र कपाटात ठेवून कुलूप लावलं. का, तर त्याची नळी सगळ्यांच्या तोंडाला लागते, त्यातून रोग पसरेल. एजेचं नाक काही कुणाच्या तोंडाला लागत नाही! रोग रेड्याला आणि औषध पखालीला, म्हणतात ते हेच. पण खोटं कशाला बोलू, तेव्हा हे आम्हा कुणालाच खटकलं नाही. मीसुद्धा स्टुलावर बसायचे, मास्क हनुवटीवर ओढायचे आणि फुंकायचे. एजेचाही मास्क हनुवटीवरच असायचा. मास्कआडून वास कसा येणार?

तिचा भरवसा अद्रश्मनवर होता. आमच्याकडे आजारपण आलं की त्या झुडपाची वाळलेली पानं जाळून घरभर धुरी देतात. एजेने पत्र्याच्या डब्यात निखारे घालून खोलीत धुरी ठेवली. सुरुवातीला मंद असायची. मग ती दाट होत गेली, इतकी की स्टुलावर बसलं की डोळ्यांतून पाणी यायचं आणि खोकल्याची उबळ लागायची. आम्ही बाहेर येऊन खोकायचो आणि म्हणायचो, “म्हातारीने आज आपल्याला मटणासारखं धुरावून काढलं.” कुणी दिवसभर खोकत राहिला तरी म्हणायचा, धूर लागला.

“एजे, पुरे की!” मी म्हटलं एकदा.

“अगं, बाजारात हल्ली भेसळ आहे नुसती,” ती वैतागून म्हणाली आणि डब्यात आणखी मूठभर टाकली. “वाळलेलं गवत मिसळतात मेले. वासच नाही बघ त्याला. काही जाळल्यासारखंच वाटत नाही.”

मी डोळे पुसत हसले. हसले! आता ते आठवलं की अंगावर काटा येतो.

आणि ती खूश होती. माणसं सुधारली म्हणून खूश. “एक गोष्ट मात्र झाली हं या साथीने,” ती दंडाला पट्टा गुंडाळता गुंडाळता सांगायची, “सगळ्यांनी दारू सोडली. देवाची भीती वाटली असेल. ओमुरझाकसुद्धा बघ, लेकरासारखा स्वच्छ येतो रोज.”

आता तुम्हीच सांगा, त्या उन्हाळ्यात सगळं शहर व्होडकात मिरी घालून पीत होतं, औषध म्हणून. घशात गेली की रोग मरतो, असं शेजारीण शेजारणीला सांगत होती. एरवी थेंबाला न शिवणाऱ्या म्हाताऱ्या चमचा चमचा घेत होत्या. मग एकट्या आमच्या डेपोतच सगळे साधुसंत कसे झाले? पण कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मला त्याच दिवसांत सारखी तहान लागत होती. दुसरी फुंकर झाली की मी विचारायचे, “गोड नाही ना वास?” एजे म्हणायची, “काही नाही. झऱ्याचं पाणी.” तिने सांगितलं म्हणजे झालं. मी घरी जाऊन साखर तपासलीच नाही.

त्या सकाळी रांगेत माझ्या पुढे ओमुरझाक होता. तो आत गेला, फुंकून बाहेर आला, हातात शिक्का मारलेला कागद. माझ्याजवळून गेला तेव्हा मास्कमधून, धुरामधून, व्होडकाचा असा भपकारा आला की मी मागे सरले. डोळे लाल, पाय नेटाने टाकत होता, पडू नये म्हणून माणूस टाकतो तसे.

मी आत डोकं घातलं. “एजे, ह्याला सोडलंस?”

“का? काय झालं त्याला? दुधासारखा स्वच्छ आहे. ये, बस, फुंक.”

मी बसले नाही. बाहेर पाहिलं तर त्याची गाडी हलली होती. पहिली फेरी बाजाराकडे. फाटकाबाहेरच्या थांब्यावर दुधाच्या बरण्या घेतलेल्या बायका उभ्या होत्या. मी धावले. या वयात, या गुडघ्यांनी, गाडीच्या मागे धावले. ट्रॉलीबसच्या पाठीला दोन दोऱ्या लोंबतात, वरच्या तारेला टेकलेल्या दांड्यांच्या. मी दोन्ही पकडल्या आणि अंगातलं सगळं वजन टाकून खाली ओढल्या. दांडे तारेवरून सुटले, ठिणग्या उडाल्या, आणि गाडी फाटकातच मेल्यासारखी थांबली.

ओमुरझाक दार उघडून ओरडला, “जिपार! डोकं फिरलं का तुझं? हात तोडीन!”

“तोड! आधी सरळ उभा राहून दाखव, मग तोड!”

पाचदहा ड्रायव्हर जमले. स्तालबेक बाइके ऑफिसातून मास्क चढवत धावत आले. “काय तमाशा आहे हा? मागे गाड्या खोळंबल्यात!”

“बाइके, हा प्यालाय.”

“शिक्का आहे ना त्याच्या कागदावर? एजेने सोडलंय ना? मग तू कोण?”

तेवढ्यात एजे खोलीतून बाहेर आली. उन्हात तिचा चेहरा राखेसारखा दिसला, आणि दोन पावलं चालून तिला धाप लागली. पण डोळ्यांत राग होता. माझ्यावरचा. “जिपार, तू माझ्या नाकावर शंका घेतेस? तू? त्या सफरचंदाच्या वासाच्या दिवशी हेच नाक होतं ना गं?”

“एजे, पुन्हा एकदा वास घे,” मी म्हटलं. “सगळ्यांसमोर.”

“घेते. आणि मग तू माझी माफी मागायची. ओमुरझाक, इकडे ये बाळा. वाक. फुंक.”

ओमुरझाक वाकला. त्याने फुंकलं. मी तीन हातांवर उभी होते, तरी भपकारा माझ्यापर्यंत आला. माझ्या मागच्याने नाकाला हात लावला. बाइकेंनी तोंड वळवलं. एजेने मास्क हनुवटीखाली ओढला होता. ती त्याच्या तोंडाशी अगदी जवळ गेली आणि छाती भरून वास घेतला.

“काही नाही,” ती म्हणाली. आमच्याकडे वळून, विजयाने. “बघितलंत? काही म्हणजे काही नाही.”

कुणी हसलं नाही. ती एकेकाचा चेहरा बघत गेली. तिच्या ओठांवरचं हसू तसंच राहिलं होतं, काढायचं विसरल्यासारखं.

बोलला तो ओमुरझाकच. त्याची सगळी उतरली होती त्या क्षणात. “एजे,” तो म्हणाला, “मी प्यालोय गं. सकाळी उठल्या उठल्या, दोन पेले, मिरी घालून. रोजच पितोय. मला वाटलं, तू जाणूनबुजून सोडतेस मला. मला वाटलं, दया आली तुला.”

एजे वळली आणि खोलीत गेली. दार उघडं होतं, आम्हाला सगळं दिसत होतं. तिने धुरीच्या डब्यावर तोंड धरलं. धूर तिच्या चेहऱ्यावरून, पांढऱ्या रुमालावरून वर चढत होता. तिने नाकाने खोल, खोल श्वास ओढला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण ती ओढतच राहिली. मग तिला खोकला आला. तो खोकला आम्ही सगळ्यांनी गेले किती दिवस ऐकला होता, आणि आज पहिल्यांदा ऐकला.

तोवर वास जाणं म्हणजे काय, हे शहरात सगळ्यांना ठाऊक झालं होतं. आम्ही सगळेच्या सगळे एक पाऊल मागे सरलो. कुणी सांगितलं नाही, ठरवलं नाही. जिच्या तोंडावर आम्ही रोज सकाळी रांग लावून फुंकत होतो, तिच्यापासून मागे सरलो. मीही. आणि मला त्या पावलाचा आवाज ऐकू आला.

एजेने डबा खाली ठेवला. हनुवटीवरचा मास्क वर ओढून नाक झाकलं. त्या खोलीत तिचं नाक झाकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

“अरे देवा,” ती म्हणाली. “मी किती जणांना दिला असेल रे?”

संताप संताप झाला माझा. ही बाई विचारतेय, मी किती जणांना दिला! अगं, आम्ही दिला तुला. सबंध डेपोने, एकेकाने तोंडासमोर बसून, तू म्हणालीस म्हणून फुंकून दिला. आणि मी तर दोनदा फुंकायचे. हे सगळं मी तिला ओरडून सांगायला हवं होतं.

जुलैत शहराची काय दशा होती, ते इथल्या माणसाला सांगायला नको. दवाखान्यात खाट नाही, औषध नाही, ॲम्ब्युलन्सचा फोन लागला तर नशीब. एजेचा मुलगा उलुकबेक ऑक्सिजनचं यंत्र शोधत दारोदार फिरला. मिळालं तेही शेजारच्या इमारतीतल्या म्हाताऱ्यासोबत वाटून, सकाळी त्याला, दुपारी हिला. माझ्या तपासणीत साथीचा रोग निघाला नाही. साखर मात्र चढली होती, डॉक्टरने दोन शिव्या हासडल्या. बरं वाटताच मी एजेच्या घरी गेले. तळमजल्यावरचं घर. उलुकबेकने आत घेतलं नाही, खिडकीशी उभं केलं. काचेपलीकडे तिची खाट होती.

आम्ही फोनवर बोललो, एकमेकींना बघत.

“साखर तपासलीस?” पहिला प्रश्न हा.

“तपासली. वाढलीय. आता औषध वाढवलंय.”

“मला कळलं नाही गं.” ती थांबून थांबून बोलत होती. “झऱ्याचं पाणी म्हणाले मी तुला.”

“सोड ते. लवकर बरी हो. ओमुरझाक प्यायचा थांबलाय. आता त्याला मेंढी म्हणायला तू हवीस.”

ती हसली की खोकली, कळलं नाही. मग फोन तोंडाशी घट्ट धरला. “माझ्या खुर्चीत कोण बसलं?”

“अजून कुणी नाही. बाइके शोधतायत.”

“जी कुणी येईल ना, तिला सांग, नाक पुढे करू नकोस म्हणावं. कुणालाही फुंकू देऊ नकोस. कपाटातलं ते यंत्र काढायला लाव. जिपार, तू भांडखोर आहेस. जन्मभर फुकट भांडलीस, आता एकदा कामाचं भांड. त्या खुर्चीत बसून आणखी कुणी मरता कामा नये. भांडशील?”

“भांडेन.”

“शब्द दे.”

“दिला.”

तिने मान हलवली. मग बोट उचलून काचेकडे दाखवलं. “फुंक,” म्हणाली. “माझी.”

मी मास्क खाली ओढून काचेवर फुंकले. काच धूसर झाली. ती त्या डागाकडे, तो विरेपर्यंत, बघत राहिली. “वास नाही येत,” ती म्हणाली, “पण श्वास चांगला आहे तुझा.” तिच्या बाजूने काचेवर काहीच उमटत नव्हतं. खिडकी तिच्या खाटेपासून लांब नव्हती.

त्याच आठवड्यात ती गेली. माणसं जमवायला बंदी होती. आमच्याकडे मेलेल्याच्या दारी पुरुष लांबूनच मोठ्याने रडत येतात. त्या दिवशी एकटा ओमुरझाक आला, रिकाम्या रस्त्यावरून, मास्कमधून हंबरडा फोडत. आम्ही दोनचार बायकांनी अंगणात मेलेल्याच्या नावाने तळतात ते कणकेचे बोरसोक तळले. तेलाचा वास सगळीकडे पसरला होता. मी तो पोटभर घेतला आणि मला लाज वाटली.

डेपोत परतले तेव्हा मनात भांडण तयार होतं. पाठ करून गेले होते. फाटकाजवळची खोली रंगवलेली. धुरीचा डबा गायब. एजेच्या खुर्चीत वीस-बाविशीची मुलगी बसलेली, मीरिम नावाची. समोर छतापासून टेबलापर्यंत नवं कोरं प्लास्टिक, आणि त्याला तोंडाच्या उंचीवर कापलेलं एक गोल भोक. शेजारी स्तालबेक बाइके हात पाठीशी बांधून उभे. मागे रांग.

मुलीने दंडाला पट्टा बांधला, रक्तदाब पाहिला. मग म्हणाली, “फुंका, एजे.”

“नाही.”

“जिपार,” बाइके म्हणाले, “सुरू करू नकोस.”

“सुरू तुम्ही केलंत! कपाट उघडा. यंत्र काढा. प्रत्येकाला नवी नळी द्या, नाहीतर एकही गाडी मी फाटकाबाहेर जाऊ देणार नाही. दोऱ्या कुठे असतात ते मला माहीत आहे. आणि पोरी, तू ऊठ त्या खुर्चीतून! तुला आई आहे ना? या खुर्चीत बसलेली बाई परवाच मातीत ठेवली आम्ही. तिने मला शब्द द्यायला लावलाय. ऊठ!”

मुलगी उठली नाही. घाबरलीही नाही. माझी समजूत घालावी तशी मऊ आवाजात म्हणाली, “एजे, माझी काळजी नका करू. मला नाही काही होणार. मला होऊन गेलाय तो.”

“होऊन गेला?”

“हो, वसंतातच. तेव्हापासून मला वासच येत नाही, कशाचाच. म्हणून तर बाइकेंनी मला निवडलं. म्हणाले, हिला धोका नाही.”

मी बाइकेंकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली, आपल्या हुशारीचं कौतुक व्हावं अशा चेहऱ्याने.

“वास येत नाही तुला,” मी म्हटलं.

“अजिबात नाही.”

“मग फुंकायचं कशाला?”

तिने शिक्का हातात घेतला होता. ती क्षणभर गोंधळली, बाइकेंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“नियम आहे ना, एजे,” ती म्हणाली. “फुंका.”

माझ्या मागे रांगेत कुणीतरी खोकलं. खोलीत आता धूर नव्हता.